विल्यम जेम्स

विल्यम जेम्स (११ जानेवारी १८४२ – २६ ऑगस्ट १९१०) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ होते. अमेरिकेतील मानसशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. तत्त्वज्ञानात ते फलप्रामाण्यवादाचे एक प्रमुख प्रवर्तक मानले जातात. 'मानसशास्त्राची तत्त्वे' (१८९०), 'धार्मिक अनुभवाचे विविध प्रकार' (१९०२) आणि 'फलप्रामाण्यवाद' (१९०७) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. मनुष्याची जाणीव ही मेंदूच्या यंत्राची केवळ सावली आहे, की तिच्यामुळे जगात काही घडते, हा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही. तो त्यांच्यासाठी निव्वळ पुस्तकी प्रश्न नव्हता. तरुणपणी त्याच प्रश्नापायी ते आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचले होते. त्यांचे चरित्र आणि त्यांचा विचार यांची फारकत करणे त्यामुळे अवघड जाते.

कुटुंब व बालपण

जेम्स यांचा जन्म न्यूयॉर्क शहरातील ॲस्टर हाऊस या हॉटेलात झाला. त्यांचे आजोबा, त्यांचेही नाव विल्यमच, आयर्लंडमधून स्थलांतर करून ऑल्बनी येथे आले आणि व्यापारात त्यांनी अफाट संपत्ती मिळवली. या संपत्तीमुळे वडील थोरले हेन्री जेम्स यांना पोटासाठी काही करावे लागले नाही. लहानपणी आगीच्या एका अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. पुढे स्वीडिश गूढवादी स्वीडनबोर्ग याच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला आणि ईश्वर, समाज व मानवी आत्मा या विषयांवर त्यांनी आयुष्यभर ग्रंथ लिहिले. ते ग्रंथ फारसे कोणी वाचले नाहीत. आईचे नाव मेरी वॉल्श.

या दांपत्याला पाच मुले झाली. विल्यम सर्वांत थोरले. दुसरे हेन्री हे इंग्रजी भाषेतील एक श्रेष्ठ कादंबरीकार झाले. गार्थ विल्किन्सन आणि रॉबर्टसन हे दोघे धाकटे भाऊ अमेरिकन यादवी युद्धात लढले. त्यांपैकी गार्थ १८६३ मध्ये फोर्ट वॅग्नर येथील चढाईत गंभीर जखमी झाला. सर्वांत धाकटी बहीण ॲलिस दीर्घकाळ आजारी होती. तिने लिहिलेली रोजनिशी तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली आणि आज तीही साहित्यात गणली जाते.

मुलांचे शिक्षण एका जागी झाले नाही. एखादी शाळा वडिलांना पसंत पडेनाशी झाली की बिऱ्हाड हलत असे. न्यूयॉर्क, जिनिव्हा, पॅरिस, बुलोन, बॉन असा हा प्रवास झाला. यातून विल्यम यांना फ्रेंच व जर्मन भाषा उत्तम अवगत झाल्या, पण एका विषयात स्थिर होण्याची सवय मात्र लागली नाही.

चित्रकला, रसायन, वैद्यक

विल्यम यांना प्रथम चित्रकार व्हायचे होते. १८६० मध्ये न्यूपोर्ट येथे विल्यम मॉरिस हंट या चित्रकाराच्या हाताखाली ते शिकू लागले. वर्षभरात त्यांनी तो नाद सोडला. हे वर्ष वाया गेले असे मात्र म्हणता येत नाही. पुढे त्यांनी मनाच्या व्यापारांची जी वर्णने केली त्यांतील बारकावा चित्रकाराच्या नजरेचा आहे.

१८६१ मध्ये त्यांनी हार्वर्डच्या विज्ञान विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे आधी रसायनशास्त्र, मग तुलनात्मक शरीररचना आणि १८६४ पासून वैद्यक, असे विषय बदलत गेले. १८६५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या मोहिमेबरोबर ते ब्राझीलला गेले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मासे गोळा करणे हे मोहिमेचे मुख्य काम होते. तेथे त्यांना देवीचा सौम्य आजार झाला आणि नमुने गोळा करून त्यांची वर्गवारी लावणे हा आपला पिंड नव्हे, हेही त्यांना कळून चुकले. अगासी डार्विनचे कट्टर विरोधक होते. जेम्स मात्र पुढे डार्विनच्या बाजूने गेले.

१८६७–६८ मध्ये ते जर्मनीत होते. प्रकृतीसाठी उष्ण झऱ्यांचे स्नान आणि बर्लिन येथे शरीरक्रियाविज्ञानाची व्याख्याने असा त्यांचा क्रम होता. मज्जासंस्थेचा अभ्यास प्रयोगशाळेत होऊ लागला आहे आणि मनाचा अभ्यासही आता तत्त्वज्ञांच्या हातून विज्ञानाकडे जाणार आहे, हे त्यांनी तेथेच ओळखले. १८६९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. वैद्यकीय व्यवसाय त्यांनी कधीच केला नाही.

मनाचा आजार व इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न

पदवीनंतरची तीन वर्षे ही जेम्स यांच्या आयुष्यातील सर्वांत काळी वर्षे होत. पाठदुखी, डोळ्यांचा त्रास, निद्रानाश आणि या सर्वांहून अधिक म्हणजे खोल विषण्णता यांनी ते ग्रासले होते. मार्च १८७० मध्ये त्यांची लाडकी आतेबहीण मिनी टेंपल क्षयाने वारली. साधारण याच काळातील मानला जाणारा एक अनुभव त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवला. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात ते एका खोलीत गेले असता त्यांना अकस्मात स्वतःच्या अस्तित्वाचीच भीती वाटली. त्याच क्षणी वेड्यांच्या इस्पितळात पाहिलेला एक अपस्माराचा तरुण रुग्ण त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तो दिवसभर गुडघे हनुवटीशी घेऊन निश्चल बसून असे. आपल्यात आणि त्याच्यात केवळ क्षणाचे अंतर आहे, ती वेळ आली तर आपल्याला कशानेही वाचवता येणार नाही, या विचाराने ते कित्येक महिने एकटे अंधारात जाऊ शकत नव्हते. १९०२ च्या ग्रंथात त्यांनी ही हकीकत एका अनामिक फ्रेंच माणसाची म्हणून छापली. ती आपलीच असल्याचे त्यांनी नंतर त्या ग्रंथाच्या फ्रेंच अनुवादकाला कळवले.

या आजाराला वैचारिक कारणही होते. शरीरक्रियाविज्ञान जे शिकवत होते ते खरे मानले तर मनुष्याचा प्रत्येक विचार व प्रत्येक कृती मेंदूतील आधीच्या घडामोडींनी ठरलेली असते. मग बरे होण्याचा प्रयत्न करणारा 'मी' कोण? प्रयत्न हा शब्दच पोकळ ठरतो.

३० एप्रिल १८७० रोजीच्या रोजनिशीतील नोंद तत्त्वज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. शार्ल रेनूव्ये या फ्रेंच तत्त्वज्ञाचा निबंध वाचून त्यांनी तीत असे नमूद केले, की इतर विचार मनात येऊ शकत असतानाही एखादा विचार आपण निवडून धरून ठेवतो, हे इच्छास्वातंत्र्याचे लक्षण भ्रामक मानण्याचे काही कारण नाही. निदान पुढील वर्षापर्यंत तरी आपण ते खरे मानून चालू आणि आपल्या स्वातंत्र्याची पहिली कृती म्हणून स्वातंत्र्यावरच विश्वास ठेवू, असा निश्चय त्यांनी केला. या निश्चयाने ते एका दिवसात बरे झाले, असे काही लोकप्रिय चरित्रांत सूचित केले जाते. ते खरे नाही. विषण्णतेचे झटके त्यांना पुढेही येत राहिले. परंतु पुरावा दोन्ही बाजूंनी अपुरा असताना निर्णय टाळणे हाही एक निर्णयच असतो, ही त्यांच्या पुढील सर्व तत्त्वज्ञानाची कळ या नोंदीत सापडते.

हार्वर्ड येथील अध्यापन

१८७२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी त्यांना शरीरक्रियाविज्ञान शिकवण्यासाठी नेमले. हेच एलियट पूर्वी त्यांचे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. १८७५ मध्ये जेम्स यांनी शरीरक्रियाविज्ञान व मानसशास्त्र यांच्या संबंधावर अभ्यासक्रम सुरू केला आणि प्रात्यक्षिकांसाठी दोन लहान खोल्यांत उपकरणे मांडली. जर्मनीत विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली ती १८७९ मध्ये. पहिला मान कोणाचा यावर बरीच चर्चा झाली आहे. जेम्स यांच्या खोल्या शिकवण्यासाठी होत्या, तर वुंट यांची प्रयोगशाळा संशोधनासाठी होती, एवढा भेद ध्यानात घेतला म्हणजे वाद मिटतो. प्रयोगांचा जेम्स यांना खरे तर कंटाळा होता. १८९२ मध्ये त्यांनी जर्मनीहून ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांना बोलावून प्रयोगशाळा त्यांच्या स्वाधीन केली.

१८७८ मध्ये त्यांचा विवाह ॲलिस गिबन्स या शिक्षिकेशी झाला. त्यांना पाच अपत्ये झाली. त्यांतील हर्मन हा मुलगा १८८५ मध्ये दीड वर्षाचा असताना वारला.

शिक्षक म्हणून जेम्स विद्यार्थ्यांना अतिशय प्रिय होते. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस, लेखिका गर्ट्रूड स्टाइन, मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले हॉल हे त्यांचे विद्यार्थी. यांपैकी मेरी कॅल्किन्स यांची हकीकत सांगण्याजोगी आहे. १८९० मध्ये त्या जेम्स यांच्या वर्गात बसू लागल्या. हार्वर्ड स्त्रियांना प्रवेश देत नसल्याने ही केवळ सवलत होती. नाव नोंदवलेले इतर विद्यार्थी गळाले आणि वाचनालयातील शेकोटीच्या दोन बाजूंना गुरू व शिष्या एवढेच उरले. जेम्स यांचा ग्रंथ नुकताच छापून आला होता आणि तोच पाठ्यग्रंथ होता. १८९५ मध्ये कॅल्किन्स यांनी डॉक्टरेटच्या तोडीची परीक्षा दिली. परीक्षकांनी तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. तरीही विद्यापीठाने पदवी दिली नाही. त्याच कॅल्किन्स १९०५ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या.

'मानसशास्त्राची तत्त्वे'

१८७८ मध्ये हेन्री होल्ट या प्रकाशकाशी करार झाला तेव्हा पुस्तक दोन वर्षांत द्यायचे ठरले होते. त्याला बारा वर्षे लागली. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या द्विखंडी ग्रंथात २८ प्रकरणे व सुमारे १४०० पृष्ठे आहेत. हस्तलिखित पाठवताना जेम्स यांनी प्रकाशकाला कळवले, की या ग्रंथाने दोनच गोष्टी सिद्ध होतात: मानसशास्त्र नावाचे विज्ञान अस्तित्वात नाही आणि लेखक नालायक आहे. वाचकांचे मत निराळे पडले. १८९२ मध्ये त्यांनी त्याची संक्षिप्त आवृत्ती काढली. विद्यार्थी मूळ ग्रंथाला 'जेम्स' आणि संक्षिप्त आवृत्तीला 'जिमी' म्हणत.

ग्रंथातील सर्वांत गाजलेला विचार जाणिवेच्या प्रवाहाचा आहे. जेम्स यांच्या पूर्वीचे अनुभववादी तत्त्वज्ञ मन हे सुट्या संवेदना व कल्पना यांचे बनलेले मानत. दोऱ्यात मणी ओवावेत तशा त्या साहचर्याच्या नियमांनी एकत्र येतात, अशी त्यांची समजूत होती. जेम्स यांनी म्हटले, की असे सुटे मणी कोणीही आपल्या मनात पाहिलेले नाहीत. प्रत्यक्षात जाणीव वाहती असते. ती नेहमी कोणाची तरी असते, सतत बदलते, खंडित होत नाही आणि समोरच्या असंख्य गोष्टींतून काही निवडते व बाकीच्या सोडते. तीत पक्ष्याच्या हालचालींप्रमाणे काही विसाव्याच्या जागा व काही उड्डाणे असतात. विसाव्याच्या जागी वस्तूंच्या प्रतिमा दिसतात, पण 'आणि', 'परंतु', 'जर' या शब्दांमागे जाणवणारा संबंध उड्डाणात असतो आणि पकडायला जावे तर निसटतो. ओठावर आलेले पण न आठवणारे नाव हे त्यांचे आवडते उदाहरण होय. तेथे नाव नसते, पण नुसते रितेपणही नसते. चुकीचे नाव कोणी सुचवले तर ते रितेपण ते लगेच नाकारते.

जाणिवेची निवड करण्याची ही शक्ती जेम्स यांच्या दृष्टीने कळीची होती. १८७४ मध्ये टॉमस हक्स्ली यांनी असे प्रतिपादन केले होते, की प्राणी व मनुष्य ही जाणीव असलेली स्वयंचल यंत्रे आहेत. आगगाडीच्या इंजिनाची शिटी जशी गाडी ओढत नाही, तशी जाणीवही शरीराला हलवत नाही. १८७९ मधील निबंधात आणि पुढे या ग्रंथात जेम्स यांनी याला डार्विनच्याच शस्त्राने उत्तर दिले. उत्क्रांतीत जाणीव वाढत गेलेली दिसते. जी गोष्ट काहीच करत नाही ती निसर्गनिवडीत टिकून वाढावी कशी? शिवाय सामान्यतः हितकारक गोष्टी सुखद व अपायकारक गोष्टी दुःखद वाटतात. सुखदुःखाचा वर्तनावर परिणामच होत नसेल, तर भाजण्यात आनंद आणि श्वास घेण्यात यातना वाटल्या असत्या तरी काही बिघडले नसते. हा युक्तिवाद निर्णायक नाही, हे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. परंतु प्रश्न आजही साधारण तेथेच उभा आहे.

याच ग्रंथातील दुसरी एक अडचण आजच्या चर्चेत पुन्हा वर आली आहे. काही विचारवंत असे मानत, की द्रव्याच्या प्रत्येक कणाला सूक्ष्म जाणीव असते आणि असे कण मिळून मन बनते. जेम्स यांनी विचारले, की बारा माणसांना एका वाक्यातील एकेक शब्द दिला आणि त्यांना कितीही दाटीने उभे केले, तरी पूर्ण वाक्याची जाणीव कोणाला होणार? लहान जाणिवांची बेरीज करून मोठी जाणीव होत नाही. ही हरकत पुढे खुद्द जेम्स यांनाच वीस वर्षे छळत राहिली.

भावनांविषयीची त्यांची उपपत्ती १८८४ मधील निबंधात प्रथम आली. डॅनिश वैद्य कार्ल लांगे यांनी १८८५ मध्ये स्वतंत्रपणे तशीच मांडणी केली, म्हणून ती जेम्स–लांगे उपपत्ती या नावाने ओळखली जाते. अस्वल दिसते, आपण भितो आणि म्हणून पळतो, असे आपण समजतो. जेम्स यांनी हा क्रम उलटा केला. अस्वल पाहताच शरीर थरथरते, छाती धडधडते, पाय पळू लागतात आणि या शारीरिक बदलांची जी संवेदना होते तिलाच आपण भीती म्हणतो. ते बदल वजा केले तर भीती म्हणून काही शिल्लक राहत नाही. मराठी वाचकाला येथे अष्टसात्त्विक भावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. स्वेद, रोमांच, कंप, अश्रू हे आपल्या काव्यशास्त्रात भावाचे परिणाम मानले जातात, तर जेम्स यांच्या मते त्यांची संवेदना हाच भाव होय. १९२७ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी या उपपत्तीवर कठोर टीका केली. निरनिराळ्या भावनांत आतड्यांतील बदल बरेचसे सारखेच असतात आणि त्या अवयवांचा मेंदूशी संबंध तोडलेले प्राणीही भावनेची चिन्हे दाखवतात, असे त्यांनी निदर्शनास आणले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अंतोनियो दमासिओ यांच्यासारख्या मज्जाशास्त्रज्ञांनी शरीरसंवेदनेचे महत्त्व पुन्हा मांडले आणि जेम्स पुन्हा वाचले जाऊ लागले.

मानवी स्वभावाबद्दलचे त्यांचे एक मत त्या काळी धक्कादायक होते. पशूंना सहजप्रवृत्ती असते व माणसाला बुद्धी असते, हा भेद त्यांनी नाकारला. माणसात सहजप्रवृत्ती पशूंहून कमी नाहीत, उलट अधिक आहेत. त्या एकमेकींना अडवतात, म्हणून माणूस थबकतो आणि त्या थबकण्याला विचार म्हणतात. सवयीवरील प्रकरण तर शाळा-महाविद्यालयांतून स्वतंत्रपणे वाचले गेले. वारंवार केलेल्या कृतीने मज्जातंतूंत वाट पडते, म्हणून नवी सवय लावताना सुरुवातीस एकही अपवाद होऊ देऊ नये, असे ते सांगतात. स्वाभिमानासाठी त्यांनी एक छोटे समीकरणही दिले: मिळालेले यश भागिले मनातील अपेक्षा. अपेक्षा कमी केली तरी स्वाभिमान वाढतो, हे त्यातून आपोआप निघते.

एवढे सारे लिहूनही संक्षिप्त आवृत्तीच्या शेवटी त्यांनी मानसशास्त्राची तुलना गॅलिलिओपूर्वीच्या भौतिकशास्त्राशी केली. मेंदूतील घडामोड आणि जाणीव यांचा संबंध नेमका काय, हे सांगणारा एकही नियम हाती नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. पाठ्यपुस्तकांच्या लेखकांत असा प्रांजळपणा विरळा.

१८९२ पासून त्यांनी शिक्षकांपुढे दिलेली व्याख्याने १८९९ मध्ये पुस्तकरूपाने आली. मानसशास्त्राच्या नियमांतून शिकवण्याच्या पद्धती थेट काढता येत नाहीत, अध्यापन ही कला आहे, असा इशारा त्यांनी आरंभीच दिला. त्याच पुस्तकात समाविष्ट असलेल्या एका निबंधात त्यांनी दुसऱ्याच्या आयुष्याला आतून काय अर्थ आहे हे बाहेरच्याला दिसत नाही, या मानवी आंधळेपणाची मीमांसा केली आहे. स्पेन-अमेरिका युद्धानंतर अमेरिकेने फिलिपाईन्स ताब्यात घेतले तेव्हा जेम्स यांनी वृत्तपत्रांतून कडाडून विरोध केला. परक्या लोकांच्या अंतरंगाबद्दलची ही बेपर्वाई त्यांना त्याच आंधळेपणाचे राजकीय रूप वाटत होती.

परामानसशास्त्र

१८८५ मध्ये अमेरिकेतील परामानस संशोधन संस्थेच्या उभारणीत जेम्स यांनी पुढाकार घेतला. मुलाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच ते बॉस्टनमधील लिओनोरा पायपर या माध्यम स्त्रीच्या बैठकींना जाऊ लागले. अनेक सहकाऱ्यांनी त्यांची टिंगल केली. जेम्स यांची भूमिका अशी, की सर्व कावळे काळे असतात हा नियम मोडण्यास एकच पांढरा कावळा पुरे आणि पायपर बाई हा आपल्यापुरता तो कावळा आहे. असे असूनही मृतात्मे तिच्या मुखातून बोलतात, हे त्यांनी कधी मान्य केले नाही. पंचवीस वर्षांच्या संशोधनानंतर १९०९ मध्ये त्यांनी लिहिले, की आपण होतो तेथेच आहोत. हा त्यांच्या कार्याचा सर्वांत दुबळा भाग मानला जातो, तो बहुधा योग्यच. मात्र विज्ञानाने गैरसोयीची तथ्ये न तपासता फेकून देऊ नयेत, हा त्यांचा आग्रह निराळा ठेवून पाहावा लागतो.

१८९७ मध्ये अमरत्वावर व्याख्यान देताना त्यांनी एक तार्किक शक्यता मांडली. विचार हे मेंदूचे कार्य आहे हे मान्य केले, तरी मेंदू विचार निर्माण करतो असेच सिद्ध होत नाही. लोलक प्रकाश निर्माण करत नाही, तो त्यातून प्रकाश जाऊ देतो. मेंदूचे कार्यही तसे असू शकेल. ही शक्यता आहे, पुरावा नव्हे, हे त्यांनी झाकले नाही.

धार्मिक अनुभवाचा अभ्यास

१८९६ मधील 'विश्वास ठेवण्याची इच्छा' या व्याख्यानात जेम्स यांनी गणितज्ञ क्लिफर्ड यांच्या मताचा प्रतिवाद केला. अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणे अनैतिक आहे, असे क्लिफर्ड यांचे म्हणणे होते. जेम्स यांनी सूट दिली ती थोड्याच प्रसंगी: प्रश्न जिव्हाळ्याचा असेल, टाळता येण्याजोगा नसेल आणि बुद्धीने सुटणारा नसेल तेव्हा. या अटी विसरून हे व्याख्यान अंधश्रद्धेच्या समर्थनार्थ वापरले जाते, तो त्यांच्यावर अन्याय आहे.

एडिंबरा येथील गिफर्ड व्याख्याने देण्याची वेळ आली तेव्हा त्यांचे हृदय अधू झालेले होते. १८९८ च्या उन्हाळ्यात ॲडिरॉन्डॅक पर्वतात केलेल्या अतिश्रमाच्या भटकंतीने ते दुखावले होते. १९०१ व १९०२ मध्ये त्यांनी वीस व्याख्याने दिली आणि तीच 'धार्मिक अनुभवाचे विविध प्रकार' या ग्रंथात आली. देवळे, धर्मसंस्था व धर्मशास्त्र बाजूला ठेवून एकट्या माणसाच्या अनुभवाकडे त्यांनी पाहिले. ख्रिस्ती संत, सूफी, बौद्ध साधक, दारू सोडलेले सामान्य लोक, सर्वांचीच आत्मकथने त्यांनी गोळा केली. जन्मजात आनंदी वृत्तीची माणसे आणि दुःखाच्या तळाशी जाऊन पुन्हा जन्म घेणारी माणसे हा त्यांनी केलेला भेद प्रसिद्ध आहे. गूढानुभवाविषयी त्यांचा निष्कर्ष मोजका आहे. ज्याला तो येतो त्याच्यापुरता तो प्रमाण असतो, इतरांवर तो मानण्याची सक्ती नाही. पण आपली जागेपणीची जाणीव ही जाणिवेची एकमेव तऱ्हा नव्हे, एवढे त्याने सिद्ध होते. या मताला त्यांनी स्वतः नायट्रस ऑक्साईड वायू हुंगून केलेल्या प्रयोगांचाही आधार होता.

योगाच्या विवेचनात जेम्स यांनी स्वामी विवेकानंदांच्या राजयोगावरील ग्रंथाचा उपयोग केला आहे. 'फलप्रामाण्यवाद' या ग्रंथात मात्र अद्वैत वेदान्ताचे प्रतिनिधी म्हणून विवेकानंदांचा विचार मांडून त्यांनी त्यापासून फारकत घेतली. सर्व काही एकच आहे, या जाणिवेतून मिळणारी शांती त्यांना समजत होती. परंतु सर्व एकच असेल तर दुष्टताही त्या एकाचीच ठरते आणि माणसाच्या झगड्याला अर्थ उरत नाही, असे त्यांना वाटे. स्वतः ते अनेकतत्त्ववादी राहिले.

फलप्रामाण्यवाद

ही संज्ञा जेम्स यांची नव्हे. त्यांचे मित्र चार्ल्स पर्स यांची ती कल्पना असल्याचे त्यांनी १८९८ मध्ये बर्कली येथील व्याख्यानात जाहीर केले. एखादे मत खरे मानल्याने अनुभवात काय फरक पडतो, हे पाहिले म्हणजे त्याचा अर्थ कळतो. दोन मतांनी काहीच फरक पडत नसेल तर त्यांच्यातील वाद शाब्दिक असतो. जेम्स यांनी हे तत्त्व सत्याच्या व्याख्येपर्यंत नेले, तेव्हा पर्स इतके अस्वस्थ झाले की त्यांनी १९०५ मध्ये आपल्या मताला वेगळे नाव दिले. बर्ट्रंड रसेल यांनीही कडक टीका केली. उपयुक्त ते सत्य, असा या मताचा ढोबळ अर्थ लावला जातो. जेम्स यांची सैल शब्दयोजना त्याला काही अंशी जबाबदार आहे.

जाणीव आहे काय?

१९०४ मध्ये जेम्स यांनी एका निबंधाच्या शीर्षकातच हा प्रश्न विचारला आणि नकारार्थी उत्तर दिले. ज्याने जाणिवेच्या प्रवाहाचे वर्णन केले, त्यानेच असे म्हणावे याचे अनेकांना आश्चर्य वाटले. विचार असतात, हे त्यांनी नाकारले नाही. वस्तूंहून निराळ्या द्रव्याची बनलेली 'जाणीव' नावाची चीज नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ सामग्री एकच, तिला त्यांनी शुद्ध अनुभव म्हटले. समोरची खोली घराच्या इतिहासात पाहिली तर ती वस्तू ठरते, पाहणाऱ्याच्या चरित्रात पाहिली तर तीच जाणीव ठरते. दोन रस्ते एका चौकात मिळावेत तसे हे आहे. जाणीव म्हणजे पदार्थ नसून कार्य होय. रसेल यांनी १९२१ च्या ग्रंथात ही कल्पना पुष्कळ अंशी स्वीकारली. जपानमध्ये निशिदा कितारो यांनी १९११ मध्ये शुद्ध अनुभवाच्या कल्पनेवरच आपले तत्त्वज्ञान उभारले.

लहान जाणिवा मिळून मोठी जाणीव कशी होईल, ही जुनी अडचण मात्र सुटली नव्हती. फेक्नर व बेर्गसाँ यांच्या वाचनानंतर, १९०८ मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानांत, जेम्स यांनी आपलीच हरकत मागे घेतली. तर्क जे अशक्य म्हणतो ते अनुभवात घडत असेल, तर तर्काला बाजूला सारावे लागेल, अशी कबुली त्यांनी दिली. अनेक अभ्यासकांना ही शरणागती वाटते. तरुणपणी घेतलेल्या भूमिकेशी ती सुसंगत आहे, हेही नोंदवायला हवे.

अखेरची वर्षे

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोचा प्रसिद्ध भूकंप झाला तेव्हा जेम्स स्टॅनफर्ड विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक होते. खोलीतील सामान कोसळत असताना आपल्याला भीती न वाटता हर्षच झाला, असे त्यांनी लिहून ठेवले. भूकंप हा कोणी सजीव, हेतू असलेला प्राणी आहे असे आपल्याला व इतरांनाही वाटले, यावरून आदिमानवाने निसर्गात देवता का पाहिल्या हे कळते, अशी त्यांची टिप्पणी आहे. त्याच दिवशी ते जळत्या शहरात गेले आणि लोक शांतपणे एकमेकांना कशी मदत करतात, ते त्यांनी पाहिले.

१९०७ मध्ये ते हार्वर्डमधून निवृत्त झाले. मनोरुग्णालयात अनन्वित हाल सोसलेल्या क्लिफर्ड बिअर्स यांच्या १९०८ च्या आत्मकथनाला त्यांनी पाठिंबा दिला. मनोरुग्णांच्या सुधारलेल्या उपचारांची चळवळ त्यातून उभी राहिली. इस्पितळातील त्या तरुणाला ते विसरले नव्हते, असे मानण्यास येथे जागा आहे. सप्टेंबर १९०९ मध्ये क्लार्क विद्यापीठात त्यांची सिग्मंड फ्रॉइड व कार्ल युंग यांच्याशी भेट झाली. फ्रॉइड यांच्याबरोबर चालत असताना जेम्स यांना हृदयशूळाचा झटका आला. हातातली पिशवी त्यांनी फ्रॉइड यांच्याकडे दिली, पुढे जाण्यास सांगितले आणि कळ ओसरल्यावर त्यांना गाठले. मृत्यू समोर असताना दाखवलेले हे धैर्य फ्रॉइड यांच्या कायम स्मरणात राहिले.

१९१० मध्ये उपचारांसाठी केलेली युरोपची फेरी निष्फळ ठरली. ऑगस्टमध्ये ते पत्नी व बंधू हेन्री यांच्यासह परतले आणि २६ तारखेस न्यू हॅम्पशायरमधील चोकोरुआ येथील उन्हाळी घरात त्यांचे निधन झाले. 'तत्त्वज्ञानातील काही समस्या' हा अपूर्ण ग्रंथ १९११ मध्ये व मूलगामी अनुभववादावरील निबंध १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मराठीतील पडसाद

१९१८ मध्ये मे सिंक्लेअर या लेखिकेने डोरोथी रिचर्डसन यांच्या कादंबऱ्यांचे परीक्षण करताना जेम्स यांची जाणीवप्रवाहाची संज्ञा साहित्यसमीक्षेत आणली. पुढे जेम्स जॉईस व व्हर्जिनिया वुल्फ यांच्या कादंबऱ्यांमुळे ती रूढ झाली. मराठीत तिला 'संज्ञाप्रवाह' असे नाव मिळाले. बा. सी. मर्ढेकर यांनी 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीत हे तंत्र जाणीवपूर्वक वापरले. मराठीच्या विद्यार्थ्यांना हा शब्द परीक्षेपुरता पाठ असतो, पण त्याचे मूळ कादंबरीत नसून मानसशास्त्राच्या एका ग्रंथात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.